हीच नळी का?
(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



कार्यक्रमपत्रिकेत माझ्या नावापुढे ‘संगणक अभियंता, अमेरिका’ असं छापलंय आणि विषयाच्या रकान्यात ‘कॅन्सर संशोधन आणि फार्मसीचं शिक्षण’. त्यावरून संयोजकांना दोघा-तिघांनी फोन करून विचारलं म्हणे, की हिने मध्येच डॉक्टरकी केली की काय? नाही केली. इंजिनिअरिंगनंतर आजपर्यंत मी सॉफ्टवेअरच लिहिते आहे. हा विषय मी मागून घेतला, कारण माझ्या मोजणीप्रमाणे आपल्या तुकडीतले सात जण औषधांच्या व्यवसायात आहेत. चौघांची मेडिकल स्टोअर्स आहेत, दोघे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी आहेत आणि आपली एक मैत्रीण डी.फार्म. कॉलेजात शिकवते. आजचं भाषण मुख्यतः त्या सात जणांसाठी आहे. समोर बसलेल्या सर-बाईंसाठीही आहे, पण ते का, ते पुढे येईल.

स्टेशनवरून रिक्षाने येताना पथारींवर मिरची वाळत घातलेली दिसली आणि ठसका लागला. नंदुरबारला आल्याची पावती मिळाली. आता मुद्द्याकडे वळते.

आधी आईचं सांगते. तिची परवानगी घेतली आहे. ती नाखुशीने मिळाली, कारण स्वतःच्या दुखण्याची चारचौघांत चर्चा तिला अजिबात खपत नाही. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी तिच्या हातचे मांडे खाल्लेत. तिला काही वर्षांपूर्वी अंडाशयाचा कॅन्सर झाला. ऑपरेशन झालं आणि मग केमो सुरू झाली. दोन औषधं होती, त्यातल्या एकाचं नाव पॅक्लिटॅक्सेल. मी रजा घेऊन आले होते. एका मोठ्या शहरातल्या खासगी दवाखान्यात, नाव घेत नाही, दुसऱ्या सायकलच्या दिवशी आम्ही सकाळपासून बसलो होतो. आधीची इंजेक्शनं देऊन झाली. सिस्टरने स्टँडला सलाईनचा नेहमीचा सेट लावला, नेहमीचीच ती प्लॅस्टिकची नळी. तेवढ्यात दवाखान्याच्या फार्मसीतून औषधाची तयार बाटली घेऊन एक तरुण फार्मासिस्ट मुलगी आली. बाटली देऊन तिला परत जाता आलं असतं. तिचं काम तेवढंच होतं. पण तिची नजर नळीवर गेली आणि ती म्हणाली, “सिस्टर, थांबा. ही नळी या औषधाला चालत नाही. आणि मध्ये फिल्टर कुठे आहे?”

सिस्टर वैतागल्या. वॉर्ड भरलेला होता आणि त्यांचंही खरं होतं. त्या म्हणाल्या की मागच्या आठवड्यात हाच सेट वापरलाय. मुलगी आवाज न चढवता तिथेच उभी राहिली. शेवटी खालून दुसरा सेट मागवला, फिल्टर बसवला आणि औषध पाऊण तास उशिरा सुरू झालं. तीन तास थेंब थेंब जात राहिलं.

मी तिला बाहेर गाठून विचारलं, “काय झालं असतं गं?” तिने घाबरवलं नाही. म्हणाली, “कदाचित आज काहीच दिसलं नसतं. पण जे शरीरात जाऊ नये ते गेलं असतं.” मग कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या तिने मला जे समजावलं ते आता तुम्हाला सांगते, कारण या भाषणाचा गाभा तोच आहे.

नववीत आपल्या विज्ञानाच्या सरांनी परीक्षानळीत पाणी आणि शेंगदाण्याचं तेल घालून ती हलवायला दिली होती, आठवतं? तेल पुन्हा वर. मग साबणाचा चुरा टाकला, हलवलं, आणि सगळं दुधासारखं झालं. सरांनी ‘का’ विचारलं आणि उत्तर न सांगता तास संपवला. दुसऱ्या दिवशीपर्यंत आम्ही सहा जणी भांडत होतो. साबणाच्या कणाचं एक टोक पाण्याला धरतं आणि दुसरं तेलाला.

पॅक्लिटॅक्सेल हे तेलाच्या जातीचं औषध आहे. ते पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. शिरेतून द्यायचं तर विरघळवायला हवं, म्हणून ते क्रेमोफोर नावाच्या दाट द्रवात आणि अल्कोहोलात मिसळतात. क्रेमोफोर काम साबणासारखं करतो आणि तो बनतो एरंडेलापासून. हो, आपलं एरंडेल! शेजारच्या गुजरातेत शेतंच्या शेतं एरंडीची असतात ना, त्याच बियांचं तेल. त्यावर रासायनिक प्रक्रिया केली की क्रेमोफोर होतो. आता गंमत अशी, की जो तेलकट औषधाला ओढून घेतो तो बाकीच्या तेलकट गोष्टींनाही सोडत नाही. सलाईनची साधी नळी पीव्हीसीची असते. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते लवचीक व्हावं म्हणून त्यात एक तेलकट रसायन मिसळलेलं असतं. क्रेमोफोर वाटेत ते रसायन नळीतून ओढून घेतो आणि थेट शिरेत नेऊन सोडतो. म्हणून बाटली काचेची किंवा पॉलिप्रोपिलीनची हवी आणि नळी पॉलिएथिलीनचं अस्तर असलेली. फिल्टर अशासाठी, की पातळ केल्यावर औषधाचे बारीक कण पुन्हा बाहेर पडू शकतात. आणि केमोच्या आधी आईला स्टेरॉइड आणि अ‍ॅलर्जीविरोधी इंजेक्शनं दिली होती ती प्रामुख्याने क्रेमोफोरसाठी, कारण काही जणांना त्याची भयंकर अ‍ॅलर्जी येते.

हे सगळं औषधाच्या खोक्यातल्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. ‘पीव्हीसी वापरू नये’ हे वाक्य पाठ करून परीक्षेत दोन गुण मिळवलेली माणसं त्या दवाखान्यात आणखीही असतील. पण गर्दीच्या वॉर्डात, वयाने मोठ्या सिस्टरसमोर, पाऊण तासाचा उशीर अंगावर घेऊन उभं राहायला पाठ केलेलं वाक्य पुरत नाही, असं मला वाटतं. तिला कारण माहीत होतं म्हणून ती हटली नाही.

मी विचारलं, हे कॉलेजात शिकवलं का? ती हसली. म्हणाली, आमचे एक सर नोट्स देतच नसत. खोक्यातली पत्रकं वाटायचे आणि एकेक ओळ दाखवून ‘हे का लिहिलंय’ विचारायचे. वर्गातल्या निम्म्या मुलांना ते सर आवडत नसत, असंही तिने प्रामाणिकपणे सांगून टाकलं.

आई बरी आहे. सध्या डायबिटीसवाल्यांनी किती भात खावा यावर माझ्या बाबांशी तिचा वाद चालू आहे.

मी परत गेले. मी राहते नॉर्थ कॅरोलिना राज्यात. तिथे रॅली, डरहॅम आणि चॅपल हिल अशी तीन गावं आहेत, तिन्हींत विद्यापीठं, आणि मध्ये रिसर्च ट्रँगल पार्क नावाचा संशोधनसंस्थांचा आणि कंपन्यांचा मोठा परिसर. सॉफ्टवेअरवाले आपले लोक तिथे भरपूर. आईला दिलेल्या औषधाबद्दल वाचायला लागले आणि कळलं, की हे औषध पहिल्यांदा वेगळं काढलं गेलं ते माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर, त्याच पार्कातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये. दोन शास्त्रज्ञांनी ते काढलं. एक मन्रो वॉल आणि दुसरे मनसुख वाणी.

मनसुख वाणी हे नाव इथे किती जणांनी ऐकलंय? हात वर करा. तीन हात. त्यातले दोन गुरुजनांचे!

वाणींचा जन्म १९२५चा, आपल्या नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एम.एस्सी., मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात पीएच.डी., आणि पुढे सारं आयुष्य त्या इन्स्टिट्यूटमध्ये. २०२० साली वयाच्या पंचाण्णवाव्या वर्षी ते गेले.

त्यांच्या कामाची हकिगत ऐका. अमेरिकेच्या राष्ट्रीय कॅन्सर संस्थेने त्या काळी हजारो वनस्पती गोळा करून त्यांत कॅन्सरविरोधी गुण आहेत का ते तपासायचा कार्यक्रम काढला होता. १९६२ साली वॉशिंग्टन राज्यातल्या जंगलात आर्थर बार्कले या वनस्पतीशास्त्रज्ञाने पॅसिफिक यू नावाच्या झाडाची साल गोळा केली. हा हळू वाढणारा सूचिपर्णी वृक्ष आहे. त्याचे भाऊबंद आपल्या हिमालयातही आहेत. ती साल वॉल आणि वाणींकडे आली. बारा किलो वाळलेल्या मालातून शेवटी हाती लागलं सुमारे अर्धा ग्रॅम शुद्ध द्रव्य. आपल्या बायकांना पोह्यातला खडा शोधायची सवय असते, पण हे प्रमाण त्याहून फार वाईट आहे! द्रव्याची रचना इतकी गुंतागुंतीची, की ती उलगडायला शेजारच्या ड्यूक विद्यापीठातल्या क्ष-किरण तज्ज्ञांची मदत लागली. निबंध छापून आला १९७१ साली. मग बरीच वर्षं त्याकडे फारसं कुणी बघितलं नाही. साल मिळत नाही आणि औषध विरघळत नाही, या दोन कारणांनी लोक कंटाळले. १९७९ साली न्यूयॉर्कच्या सुझन हॉर्विट्झ यांनी दाखवलं की हे द्रव्य पेशीवर अगदी वेगळ्या रीतीने काम करतं. पेशी दुभंगताना आत बारीक नळ्यांचा सांगाडा उभा राहतो आणि काम झालं की मोडतो. आधीची काही औषधं तो सांगाडा उभाच राहू देत नसत. हे औषध उभा राहिलेला सांगाडा मोडू देत नाही. पेशी अडकून पडते आणि मरते. ते कळल्यावर चक्र पुन्हा फिरलं आणि डिसेंबर १९९२मध्ये अंडाशयाच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत परवानगी मिळाली. म्हणजे झाडाची साल काढल्यापासून तीस वर्षांनी. त्या वेळी आपण सातवीत होतो.

याच जोडीने आणखी एक द्रव्य शोधलं होतं, कॅम्प्टोथेसिन, चीनमधल्या एका झाडातून. १९६६ साली. तेच द्रव्य पुढे आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडातही सापडलं. त्याच्यापासून केलेली औषधं आज वापरात आहेत. त्यावर वेगळं भाषण होईल, ते मी आज करत नाही.

आता मूळ विषय. चॅपल हिलला नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठाचं एशेलमन स्कूल ऑफ फार्मसी आहे. १८९७ साली सुरू झालेलं, म्हणजे जुनं. तिथे रसेल मम्पर नावाचे प्राध्यापक होते. त्यांचं संशोधन नेमकं याच अडचणीवर होतं. न विरघळणारं औषध क्रेमोफोरशिवाय शरीरात कसं न्यायचं? चरबीसारख्या पदार्थांचे अतिसूक्ष्म कण करायचे, त्यांत पॅक्लिटॅक्सेल भरायचं आणि तो कण शिरेतून सोडायचा, असा त्यांचा मार्ग. २००९ साली त्यांच्या गटाने ‘कॅन्सर रिसर्च’ या नियतकालिकात एक निबंध छापला. कॅन्सरच्या काही पेशी औषधाला दाद देईनाशा होतात, त्याचं एक कारण म्हणजे पेशीच्या पटलात बसलेला एक पंप. औषध आत शिरलं की तो ते बाहेर फेकतो. मम्पर यांच्या गटाला असं दिसलं की त्यांचे कण त्या पंपाला रोखतात आणि पंप चालवायला लागणारी पेशीतली ऊर्जाही कमी करतात. हे प्रयोगशाळेतल्या पेशींवरचं आणि उंदरांवरचं काम होतं, रोग्यांपर्यंत पोचलेलं औषध नव्हे. व्हॉट्सअ‍ॅपवर ‘कॅन्सरवर उपाय सापडला’ म्हणून जे फिरतं, त्यातलं बहुतेक याच पायरीवरचं असतं, हे आपल्या गटाच्या अ‍ॅडमिनने लक्षात घ्यावं.

असा माणूस आपला वेळ कशात घालवील असं तुम्हाला वाटतं? प्रयोगशाळेत. मोठ्या विद्यापीठांतला अलिखित नियमच आहे, की संशोधनाला मान आणि शिकवणं म्हणजे उरकायचं काम. मम्पर पहिल्या वर्षाच्या मुलांना औषधरचनाशास्त्र शिकवत. गोळी, मलम, इंजेक्शन हे सगळं कसं बनतं आणि शरीरात कसं पोचतं, तो विषय. वर्गात दीडशेच्या वर मुलं. त्यातली काही समोर, काही पश्चिमेला डोंगरातल्या अ‍ॅशव्हिलच्या शाखेत आणि काही पूर्वेला एलिझाबेथ सिटीच्या शाखेत, पडद्यावर बघत. २०११पर्यंत हा वर्ग इतर वर्गांसारखाच चालायचा. सर बोलणार, मुलं लिहिणार.

२०१२ साली त्यांनी तो उलटा केला. सगळी व्याख्यानं आधीच ध्वनिचित्रित करून ठेवली. मुलांनी ती घरी, आपल्या सोयीने ऐकायची, सोबतचं वाचायचं आणि मग वर्गात यायचं. वर्गात व्याख्यान बंद. त्याऐवजी हातातल्या बटणांच्या यंत्राने प्रश्नांची उत्तरं द्यायची, शेजाऱ्याशी बोलून ती बदलायची की तशीच ठेवायची ते ठरवायचं, गटाने उभं राहून मांडायचं, मध्येच छोटी चाचणी. अडलं तर सर दोन-तीन मिनिटं बोलणार, अडलेल्या जागेपुरतंच. सुरुवातीला बहुतेक मुलांना व्याख्यानच हवं होतं. अभ्यासक्रम संपल्यावर बहुतेकांचं मत उलट झालं. परीक्षेतले गुणही आधीच्या वर्षापेक्षा थोडे वाढले. जॅकलिन मॅक्लॉफ्लिन यांनी मम्पर आणि इतरांबरोबर हा सगळा अनुभव २०१४ साली ‘अकॅडेमिक मेडिसिन’मध्ये लिहिला. २०१५मध्ये त्या कॉलेजाने सगळा अभ्यासक्रमच याच दिशेने बदलला आणि मुलांना लवकरच रोग्यांजवळ नेऊन उभं करायला सुरुवात केली.

गुण थोडेच वाढले, हे मी मुद्दाम सांगते. अशा प्रयोगांबद्दल बोलणारे लोक आकडे फुगवून सांगतात आणि मग कुणीतरी शहाणा विचारतो, “एवढ्यासाठी एवढा खटाटोप?” मला विचाराल तर लक्ष देण्यासारखं दुसरंच काही आहे. संशोधकाने आपल्या संशोधनाची सवय वर्गात आणली. प्रयोगशाळेत कुणी मम्परना नोट्स देत नव्हतं. तिथे एक अडचण असते, चार उपाय असतात, प्रत्येकाचा काही तोटा असतो आणि सहकारी टीका करायला टपलेले असतात. तेच वर्गात.

समजा, पॅक्लिटॅक्सेलच घेतलं. वर्गाला प्रश्न, हे पाण्यात विरघळत नाही, रोग्याला कसं द्याल? पहिला गट म्हणेल क्रेमोफोर. मग अ‍ॅलर्जीचं काय, नळीचं काय? दुसरा गट म्हणेल, माणसाच्या रक्तात अल्ब्युमिन नावाचं प्रथिन असतंच, त्यालाच औषध बांधून सूक्ष्म कण करू. असं औषध २००५ साली अमेरिकेत बाजारात आलंही. त्यात क्रेमोफोर नाही. मग महाग का? सगळ्यांना का देत नाहीत? तिसरा गट चरबीच्या कणांचं म्हणेल. मग ते वर्षभर बाटलीत टिकतील का, कारखान्यात एकसारखे बनतील का? दीड तास असा वाद घातलेली मुलगी उद्या वॉर्डात नळीकडे बघेल. बघितल्याशिवाय राहणार नाही.

आणि उलट बाजूही आहे. मुलांचे प्रश्न ऐकून संशोधकाला आपल्याच कामातलं गृहीत धरलेलं काहीतरी खटकतं. आमच्या धंद्यात याला मान आहे. मी लिहिलेला प्रोग्राम नव्या मुलीला समजावताना ती एक भाबडा प्रश्न विचारते आणि माझी बोलती बंद होते. असं महिन्यातून एकदा तरी होतं.

आता माझ्या कामाचं थोडं. काही वर्षं मी कॉलेजांसाठी व्हिडिओ-व्याख्यानांची प्रणाली लिहिणाऱ्या एका गटात होते. कुणी, किती वाजता, कुठला भाग बघितला, याच्या नोंदी आमच्याकडे जमायच्या, नावाशिवाय. त्या बघून मी शिकले ते असं. वर्गात त्यावर काही विचारलं जाणार नसेल, तर व्याख्यानं परीक्षेच्या आदल्या रात्री दीडपट वेगाने बघितली जातात. वर्गात दुसऱ्या दिवशी त्यावरच काम असेल, तर तीच मुलं एखादं दोन मिनिटांचं कठीण स्पष्टीकरण चार-चार वेळा मागे नेऊन बघतात. व्हिडिओ तोच, प्रणाली तीच, फरक पडतो दुसऱ्या दिवशीच्या तासाने. कोरोनाच्या दिवसांत आपल्याकडे सगळ्यांनी व्हिडिओ केले, दुसऱ्या दिवशीचा तास मात्र गायब होता, आणि मग आपण म्हणालो की हे ऑनलाइन काही खरं नाही. मी सॉफ्टवेअर विकणाऱ्यांतली असूनही सांगते, सॉफ्टवेअर विकत घ्यायची घाई करू नका.

कष्टाबद्दलही खरं सांगायला हवं. व्याख्यान द्यायला तासाची तयारी लागते, वाद घडवायला त्याच्या तिप्पट. मुलं कुरकुरतात, ‘सर शिकवतच नाहीत, आम्हालाच करायला लावतात’ असं पालकांना जाऊन सांगतात. आपल्या विज्ञानाच्या सरांच्या बाबतीत हेच झालं होतं. पालकसभेत एका गृहस्थांनी विचारलं होतं की प्रश्नोत्तरं वहीत का नाहीत. सर, तुम्ही तेव्हा काय उत्तर दिलं ते आम्हाला कळलं नाही, पण पुढच्या आठवड्यातही तुम्ही प्रश्नोत्तरं दिली नाहीत, हे आम्ही पाहिलं.

आपल्याकडची स्थिती तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. डी.फार्म. दोन वर्षांचं, बी.फार्म. चार वर्षांचं. रोग्याशी थेट संबंध असणारा फार्म.डी. अभ्यासक्रम आपल्या देशात २००८पासून सुरू झाला. पण जिल्ह्याच्या ठिकाणी आणि तालुक्याला औषध हातात पडतं ते बहुतेक डी.फार्म. झालेल्याकडून. केमो आता फक्त मुंबई-पुण्याला राहिलेली नाही. नाशिक, धुळे, सुरतला माणसं जातात, सायकल घेऊन संध्याकाळी घरी येतात, आणि रात्री ताप आला की पहिला फोन जातो कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याला. केमोनंतरचा ताप हा साधा ताप नसतो. पांढऱ्या पेशी उतरलेल्या असतात, जंतूसंसर्ग काही तासांत जिवावर बेतू शकतो. त्या फोनवर ‘एक पॅरासिटामॉल घ्या, सकाळी बघू’ म्हणायचं की ‘ताबडतोब दवाखान्यात जा’ म्हणायचं, हे ठरवणारा माणूस आपल्या तुकडीतल्या चौघांपैकी एक असू शकतो. किंवा त्यांच्या काउंटरवर बसलेला विशीतला पोरगा. मी हा विषय मागून घेतला तो या फोनसाठी.

आपल्या डी.फार्म. शिकवणाऱ्या मैत्रिणीशी काल रात्री दोन वाजेपर्यंत बोलत होते. ती म्हणाली, “तुझ्या त्या प्राध्यापकाकडे नोबेलच्या तोडीची प्रयोगशाळा होती, माझ्याकडे साठ मुलं आणि एक तुटका तराजू.” मी म्हटलं, नळीवर बोट ठेवणाऱ्या त्या मुलीच्या सरांकडेही प्रयोगशाळा नसेल, पत्रकं होती. ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली की सगळा अभ्यासक्रम बदलणं तिच्या हातात नाही, विद्यार्थ्यांना परीक्षा मंडळाचीच द्यायची आहे, पण आठवड्यातला एक तास ती या पद्धतीने घेऊन बघेल. शनिवारचा. इंजेक्शनच्या खोक्यातलं एक पत्रक, चार-चार मुलांचे गट आणि एकच प्रश्न, ही ओळ इथे का आहे? प्रश्नांचा संच तयार करायला मी तिला दर महिन्याला एक संध्याकाळ देणार आहे. आम्हा दोघींपैकी औषधातलं तिला कळतं. मला फक्त न समजणाऱ्या माणसासारखे प्रश्न विचारता येतात, आणि त्याचाच उपयोग आहे, असं तिचं म्हणणं.

तिला लागणार आहेत पत्रकं. इंग्रजीतली, मराठीतली, कसलीही. अँटिबायोटिक, इन्सुलिन, केमो, काहीही चालेल. तुमच्या दुकानांत आणि नर्सिंग होममध्ये ती रोज केराच्या टोपलीत जातात. मेडिकलवाल्या चौघांनी आणि दोघा प्रतिनिधींनी ती जपून ठेवावीत, दर महिन्याच्या शेवटी मैत्रिणीचा विद्यार्थी येऊन घेऊन जाईल. दाराजवळ पुठ्ठ्याचं एक रिकामं खोकं ठेवलंय, त्यावर मोठ्या अक्षरात ‘पत्रकं’ लिहिलंय. कुणाच्या बॅगेत आत्ता एखादं असेल, आणि आपल्या वयाचा विचार करता असणारच, तर जेवायला जाता जाता त्यात टाका.